एकच आर्किटेक्ट, पाच गोल्फ कोर्स: मॅकेन्झीची सही नेमकी कुठे असते?

(हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं ‘म्हणजे काय तर’ थोडं कमी केलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे गोल्फ. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा गोल्फशी संबंध चेंबूरमधून किंवा येरवड्यातून जाताना कुंपणापलीकडे दिसणाऱ्या हिरव्या गवताइतकाच असतो. त्यामुळे खेळाडू, स्कोअर, बक्षिसाची रक्कम यातलं आज काहीच नाही. आज बोलूया कोर्सबद्दल, आणि कोर्स आखणाऱ्या एका माणसाबद्दल.

प्रश्न साधा आहे. एकाच माणसाने वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या जमिनीवर पाच कोर्स आखले, तर त्या पाचांत सारखं काय असतं? दिसणं? लांबी? की आणखी काही?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो. एकाच माणसाने लिहिलेले दोन प्रोजेक्ट उघडले की कोड वेगळा असतो, भाषाही वेगळी असू शकते, पण विचार करायची पद्धत कुठेतरी डोकावते. आणि पाच-दहा वर्षांनी तोच प्रोजेक्ट उघडला की मूळ माणसाचं त्यात किती उरलंय हा वेगळाच वादाचा विषय होतो. गोल्फ कोर्सचंही अगदी असंच होतं.

आपला आजचा माणूस आहे डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. जगातल्या नावाजलेल्या कोर्सच्या याद्या काढल्या की त्यात याची तीन नावं बहुतेक वेळा येतात: कॅलिफोर्नियातला सायप्रस पॉइंट, ऑस्ट्रेलियातला रॉयल मेलबर्न आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला ऑगस्टा नॅशनल. यात मी अजून दोन टाकणार आहे: पासातिएम्पो आणि शार्प पार्क. का, ते पुढे कळेलच.

आधी दोन मिनिटं, न खेळणाऱ्यांसाठी

क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही जा, २२ यार्डांचीच असते. गोल्फमध्ये असं काही नाही. चेंडू ज्या भोकात जायचा ते सव्वाचार इंच रुंदीचं असतं, एवढं पक्कं. बाकी कोर्स किती लांब, किती वळणाचा, किती उताराचा, हे सगळं आखणाऱ्यावर.

एका कोर्सवर साधारण १८ ‘होल’ असतात. होल म्हणजे फक्त ते भोक नाही, तर तो अख्खा पट्टा. जिथून पहिला फटका मारतात ती ‘टी’. मधला कापलेल्या गवताचा रस्ता म्हणजे ‘फेअरवे’. शेवटी अगदी बारीक कापलेलं गवत आणि त्यात भोक, ते ‘ग्रीन’. अधेमधे वाळूचे खड्डे, ते ‘बंकर’. आणि त्या होलवर चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत काम संपवावं हा आकडा म्हणजे ‘पार’. पार तीन, चार किंवा पाच. एवढं पुरे.

आखणाऱ्याचं खरं काम काय? खेळाडूला टीवर उभं करून एक प्रश्न विचारणं: ‘बोल, धोका पत्करतोस की सुरक्षित जातोस?’ हा प्रश्न चांगला असेल तर कोर्स चांगला. आजचा सगळा भाग या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

डॉक्टर, युद्ध आणि लपवाछपवी

मॅकेन्झीचा जन्म १८७० साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा, आईवडील मूळचे स्कॉटिश. केंब्रिजमध्ये शिकून डॉक्टर झाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सर्जन म्हणून गेला. तिथे त्याने एक गोष्ट बघितली. बोअर सैनिक संख्येने कमी, पण आपले खंदक आणि आडोसे ते जमिनीत असे मिसळून टाकायचे की समोरच्या फौजेला गोळी कुठून येतेय तेच कळायचं नाही. पुढे पहिल्या महायुद्धात मॅकेन्झीने ब्रिटिश सैन्यासाठी कॅमोफ्लाज याच विषयावर काम केलं.

आता गोल्फशी याचा संबंध काय? त्या काळी बरेच बंकर सरळ रेषेत, चौकोनी, कोणीतरी फावड्याने खणलेत हे लांबूनही दिसेल असे असायचे. मॅकेन्झीचं म्हणणं होतं की माणसाने केलेली गोष्ट निसर्गानेच केली असावी अशी दिसली पाहिजे. त्यामुळे त्याच्या बंकरच्या कडा वेड्यावाकड्या, फाटलेल्या कागदासारख्या. आणि कॅमोफ्लाजमधली दुसरी युक्तीही त्याने उचलली: नजरेला फसवणं. ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे असलेला बंकर टीवरून बघताना ग्रीनला चिकटलेला वाटतो, आणि खेळाडूचा अंतराचा अंदाज चुकतो.

१९०७ साली लीड्सजवळ अल्वुडली हा त्याचा पहिला कोर्स झाला. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ या इंग्रजी मासिकाने एक होल आखायची स्पर्धा घेतली, ती त्याने जिंकली. १९२० साली ‘गोल्फ आर्किटेक्चर’ हे छोटं पुस्तक आलं, त्यात त्याने चांगल्या कोर्सची १३ तत्त्वं मांडली.

सगळी तेरा सांगत बसत नाही, पण आपल्या कामाची चार माझ्या शब्दांत सांगतो. एक, प्रत्येक होलचा स्वभाव वेगळा हवा. दोन, धाडसी फटक्याची संधी हवी, पण कमकुवत खेळाडूला दुसरी वाट नेहमी मोकळी हवी, भले त्यात एखादा फटका जास्त जावो. तीन, हरवलेला चेंडू शोधत फिरायची कटकट नको. आणि चार, अगदी नवशिक्या माणसालाही, त्याचा स्कोअर कितीही वाईट येवो, मजा आली पाहिजे.

लक्षात घ्या, यात ‘कोर्स अवघड हवा’ असं कुठेच नाही. यातलं चौथं तत्त्व विसरू नका, शेवटाकडे लागणार आहे.

कॉपी-पेस्ट की तत्त्व?

तुलना करायला एक उलटं उदाहरण हवं, आणि ते त्याच काळातलं आहे. अमेरिकेत चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला इंजिनियर सेथ रेनर या जोडीची पद्धत वेगळी होती. युरोपातली उत्तम होल निवडायची आणि त्यांचे नमुने नव्या जमिनीवर बसवायचे. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचं ‘रेडान’ नावाचं होल घ्या. तिरकं ग्रीन, पुढे खोल बंकर, ग्रीनचा उतार मागच्या बाजूला. याच्या आवृत्त्या या जोडीच्या कोर्सवर पुन्हा पुन्हा सापडतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही लायब्ररी आहे. तपासलेलं फंक्शन आहे, इम्पोर्ट करा आणि वापरा. यात वाईट काही नाही, त्यांचे कोर्स अजूनही लोकांना आवडतात. आणि तुलनाही सोपी जाते. या कोर्सचं रेडान आणि त्या कोर्सचं रेडान शेजारी ठेवा, फरक मोजा.

मॅकेन्झीच्या बाबतीत असं करता येत नाही, कारण तो होल घेऊन फिरतच नव्हता. तत्त्वं घेऊन फिरायचा. म्हणून त्याचे कोर्स शेजारी ठेवले की आधी वाटतं, यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. एकात समुद्र, एकात वाळवंटी झुडपं, एकात ओढा. सारखेपणा शोधायचा तर तो दिसण्यात न शोधता खेळाडूला पडणाऱ्या प्रश्नात शोधावा लागतो.

चला, चार होल घेऊ. प्रश्न एकच, उत्तर देणारी जमीन वेगळी.

वाळू: रॉयल मेलबर्न, वेस्ट कोर्स, होल ६

१९२६ साली मॅकेन्झी ऑस्ट्रेलियात गेला. आयुष्यात एकदाच, काही आठवड्यांसाठी. मेलबर्नच्या आग्नेयेला वाळूच्या जमिनीचा एक पट्टा आहे, तिथले लोक त्याला सँडबेल्ट म्हणतात. गोल्फसाठी वाळूची जमीन म्हणजे सोनं. पाणी पटकन मुरतं, जमीन कडक राहते, चेंडू टप्पा घेऊन पुढे पळतो.

सहावं होल पार चार आहे. टी उंचावर, फेअरवे खाली जाऊन उजवीकडे वळतो. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात बंकर आणि झुडपं. त्यांच्यावरून चेंडू मारलात तर पुढचा फटका छोटा होतो आणि ग्रीनकडे जायचा कोनही चांगला मिळतो. नको असेल तर डावीकडे भरपूर जागा आहे, कोणी अडवत नाही. पण मग पुढचा फटका लांबचा, आणि ग्रीन मागून पुढे चांगलंच उतरतं.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. ग्रीन मऊ असेल तर कोनाला काही किंमत राहत नाही, कारण चेंडू कुठूनही मारा, पडेल तिथे चिकटतो. ग्रीन कडक असेल तरच चुकीच्या बाजूने आलेला चेंडू थांबत नाही, पुढे घरंगळतो. म्हणजे टीवर विचारलेल्या प्रश्नाला धार येते ती ग्रीनच्या कडकपणामुळे. आराखडा कागदावर कितीही भारी असो, रोज पाणी किती मारायचं हे ठरवणारा माणूस तो जिवंत ठेवतो किंवा मारतो.

समुद्र: सायप्रस पॉइंट, होल १६

कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे द्वीपकल्पावरचा हा कोर्स १९२८ साली सुरू झाला. गंमत म्हणजे हे काम आधी मिळालं होतं सेथ रेनरला, त्याच लायब्ररीवाल्या इंजिनियरला. १९२६ साली तो वारला आणि काम मॅकेन्झीकडे आलं. म्हणजे याच जमिनीवर नमुन्यांचा कोर्स होता होता राहिला.

सोळावं होल पार तीन, साधारण २३० यार्ड, म्हणजे दोनशे मीटरच्या वर. टी एका कड्यावर, ग्रीन समोरच्या कड्यावर, मधे पॅसिफिक महासागर. मॅकेन्झीने लिहून ठेवलंय की या होलचं श्रेय त्याचं नाही, मॅरियन हॉलिन्सचं आहे. ती १९२१ची अमेरिकेची महिला हौशी विजेती आणि या प्रकल्पामागची कर्ती बाई. एवढ्या समुद्रावरून चेंडू जाणार नाही असं रेनरचं म्हणणं होतं. तिने चेंडू ठेवला आणि जिथे ग्रीन करायचं होतं तिथे मारून दाखवला.

या होलचे फोटो बघितले की वाटतं, हा तर थेट ‘जमलं तर ठीक, नाहीतर समुद्रात’ असा मामला. पण फोटोची डावी बाजू बघा. तिथे जमिनीचा चांगला रुंद तुकडा आहे. डावीकडे छोटा फटका मारा, मग तिथून ग्रीनवर. एक फटका जास्त जाईल, पण चेंडू हरवणार नाही. म्हणजे मेलबर्नचाच प्रश्न. तिथे कोपऱ्यात वाळू होती, इथे महासागर आहे.

अजून एक. इथे पंधरावं आणि सोळावं, दोन्ही पार तीन, लागोपाठ. पाचवं आणि सहावं, दोन्ही पार पाच, तेही लागोपाठ. संकेत असा की असं करू नये. पण जमिनीवर दोन छान होल शेजारी-शेजारी सापडली, तर त्याने संकेत बाजूला ठेवला.

घळ: पासातिएम्पो, होल १६

हा कोर्स सांताक्रूझचा. मुंबईच्या लोकलवाल्या सांताक्रूझचा नाही, कॅलिफोर्नियातल्या. यामागेही मॅरियन हॉलिन्सच. १९२९ साली उद्घाटन झालं तेव्हा बॉबी जोन्स हा त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू इथे खेळला. मॅकेन्झीला ही जागा इतकी आवडली की सहाव्या होलच्या कडेला त्याने घर केलं.

जमीन डोंगरउताराची, मधून खोल घळी गेलेल्या. तिथे त्यांना ‘बारांका’ म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाने कापलेले ओहळ असतात ना, साधारण तसं डोळ्यापुढे आणा. सोळावं होल पार चार, आणि मॅकेन्झीचं हे सगळ्यात आवडतं पार चार. दुसरा फटका घळीवरून, आणि पलीकडचं ग्रीन तीन पायऱ्यांचं, चढत जाणारं.

इथे प्रश्न थोडा बदलतो. आधीच्या दोन होलवर प्रश्न डावं-उजवं असा होता. इथे तो पुढे-मागे असा आहे. भोक ज्या पायरीवर असेल त्याच पायरीवर चेंडू टाकायचा प्रयत्न करायचा का? वरच्या पायरीवर गेलात तर खाली येताना चेंडू थांबत नाही. अलीकडे पडलात तर घळ आहेच. धोक्याचं माप तुम्हीच ठरवायचं.

ओढा: ऑगस्टा नॅशनल, होल १३

आता सगळ्यांना माहीत असलेला कोर्स. दर एप्रिलमध्ये टीव्हीवर मास्टर्स स्पर्धा दिसते, ती इथली. ही जमीन म्हणजे आधीची फळझाडांची नर्सरी, सुमारे ३६५ एकर, बॉबी जोन्स आणि मंडळींनी १९३१ साली घेतली. कॅलिफोर्नियात मॅकेन्झीचं काम बघितलेलं असल्यामुळे जोन्सने त्याला बरोबर घेतलं.

तेरावं होल पार पाच. फेअरवे डावीकडे वळतो आणि वळणाच्या आतल्या बाजूने ओढा वाहतो, तोच पुढे ग्रीनच्या समोरून जातो. ओढ्याला खेटून मारलंत तर अंतर कमी आणि पायाखाली जमीन सपाट. उजवीकडे सुरक्षित गेलात तर अंतर जास्त आणि चेंडू उतारावर, पायांपेक्षा उंच. मग पुन्हा प्रश्न: ओढ्यावरून दोन फटक्यांत ग्रीन गाठायचं, की अलीकडे थांबून तिसऱ्यात?

वाळू, समुद्र, घळ, ओढा. चार जमिनी, चार रूपं, पण खेळाडूला पडणारा पेच तोच. माझ्या मते मॅकेन्झीची सही ही आहे. बंकरच्या फाटक्या कडा ही त्याची हस्ताक्षराची लकब, पण मजकूर म्हणजे हा पेच.

आता इतिहास उघडूया

इथपर्यंत सगळं छान जुळतंय. पण तुलना करताना मधल्या ९०-१०० वर्षांत काय झालं हे बघितलं नाही तर निष्कर्ष फसतो. आम्ही कोडचा इतिहास उघडून बघतो, कोणती ओळ कोणी कधी बदलली. तसंच इथे करूया.

ऑगस्टापासून सुरू करू. मॅकेन्झी ६ जानेवारी १९३४ला वारला, त्याची ठरलेली पूर्ण फी त्याला मिळालीच नाही. पहिली स्पर्धा झाली मार्च १९३४मध्ये, म्हणजे ती त्याने बघितली नाही. पुढच्याच वर्षी पहिली नऊ आणि नंतरची नऊ होल यांची अदलाबदल झाली. १९३७-३८मध्ये पेरी मॅक्सवेलने ग्रीन बदलली, दहाव्या होलचं ग्रीन मागे नेलं. त्यामुळे एकेकाळी ग्रीनशेजारी असलेला मॅकेन्झीचा मोठा बंकर आता फेअरवेच्या मधोमध एकटाच पडलाय, ग्रीनच्या बराच अलीकडे. त्याच्या शैलीचा तिथे उरलेला बंकर म्हणजे हाच. १९४७ साली सोळावं होल रॉबर्ट ट्रेंट जोन्सने नव्याने केलं. आज टीव्हीवर तळ्यावरून मारतात ते होल मॅकेन्झीचं नाही.

सुरुवातीला इथे बंकर फक्त २२ होते आणि लांब गवत जवळपास नव्हतंच. आता बंकर दुप्पट झालेत. १९९९पासून फेअरवेच्या कडेला थोडं उंच गवत ठेवलं जातं. २०००नंतर काही होलवर झाडं लावून रस्ता अरुंद केला. लांबी सुरुवातीला साधारण ६,७०० यार्ड होती, आता ७,५००च्या पुढे. ती पांढरीशुभ्र वाळू नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रूस पाइन भागातून येते. चिप बनवताना लागणारं अतिशुद्ध क्वार्ट्झही त्याच भागातलं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपचे आणि ऑगस्टाच्या बंकरचे पाहुणे एकच.

आता रॉयल मेलबर्न बघा. मॅकेन्झी आराखडा देऊन निघून गेला, परत कधी गेला नाही. वेस्ट कोर्स तयार झाला १९३१ साली, त्याच्या पाठीमागे. प्रत्यक्ष काम केलं अ‍ॅलेक्स रसेल आणि ग्रीनकीपर मिक मॉरकम यांनी. रसेल हा १९२४चा ऑस्ट्रेलियन ओपन विजेता. मॉरकमनंतर क्लॉड क्रॉकफर्डने कित्येक दशकं देखभाल केली. आणि तरीही मॅकेन्झी म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर जाणकार लोक आधी इथे बोट दाखवतात.

म्हणजे जिथे तो स्वतः हजर होता तो कोर्स सगळ्यात जास्त बदलला, आणि जो त्याच्या गैरहजेरीत उभा राहिला तो त्याच्या विचाराशी प्रामाणिक राहिला. मला वाटतं कारण सरळ आहे. मेलबर्नच्या लोकांना ‘काय बांधायचं’ एवढंच माहीत नव्हतं, ‘का’ तेही कळलं होतं. ज्याला ‘का’ कळतं तो मूळ माणूस नसतानाही काम बरोबर पुढे नेतो. हे आपल्या ऑफिसातही रोज दिसतं.

पासातिएम्पोची गोष्ट तिसऱ्या प्रकारची. मधल्या काळात बंकर बुजले, झाडं वाढली, ग्रीन आक्रसली. १९९०च्या दशकापासून टॉम डोक आणि जिम अर्बिना यांनी जुने फोटो समोर ठेवून ते पुन्हा मूळ रूपाकडे नेलं. अलीकडे ग्रीनचंही काम झालं. म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परत जाणं, बॅकअप म्हणजे १९२९चे कृष्णधवल फोटो.

मग ऑगस्टाचे लोक चुकले का?

इथे घाईने निकाल देऊ नका. तेराव्या होलचंच बघा. चेंडू आणि काठ्या इतक्या सुधारल्या की अव्वल खेळाडू कोपऱ्यावरच्या झाडांच्या वरूनच मारायला लागले. ओढ्याजवळ जायचा धोका घ्यायची गरजच उरली नाही, पुढचा फटका छोट्या काठीचा. होल दिसायला तसंच होतं, पण त्यातला प्रश्न मेला होता. मग क्लबने शेजारच्या क्लबकडून जमीन घेतली, टी मागे नेली आणि २०२३ साली होल ५१० यार्डांवरून ५४५ यार्डांचं केलं. हा बदल मॅकेन्झीच्या विरुद्ध आहे की बाजूने? माझ्या मते बाजूने, कारण निर्णय घेणं पुन्हा भाग पडलं.

उलट झाडं लावून रस्ता अरुंद करणं, हे त्याच्या विरुद्ध. रस्ता अरुंद झाला की डावं-उजवं असा पर्यायच राहत नाही, फक्त सरळ मारता येतं की नाही एवढंच उरतं. ती परीक्षा असेल, पण प्रश्न नाही.

म्हणून एकाच आर्किटेक्टचे कोर्स तुलनेला घ्याल तेव्हा ‘मूळ किती टक्के उरलं’ हे मोजू नका. त्यापेक्षा हे चार प्रश्न विचारा:

१. टीवरून किमान दोन खरे पर्याय दिसतात का?
२. धोका पत्करला तर पुढचा फटका खरंच सोपा होतो का?
३. कमकुवत खेळाडूला चेंडू न हरवता पोहोचायची वाट आहे का?
४. जमिनीचा कडकपणा या प्रश्नाला साथ देतो का?

सॅटेलाइट नकाशा उघडून पहिले तीन प्रश्न घरबसल्या तपासता येतात. चौथ्यासाठी मात्र पाय जमिनीला लागायला हवेत.

पाचवा कोर्स आणि राहिलेलं तत्त्व

शेवटी ते चौथं तत्त्व, नवशिक्यालाही मजा आली पाहिजे हे. ऑगस्टा आणि सायप्रस पॉइंट हे अगदी मोजक्या सभासदांचे क्लब. तुम्ही-मी तिथे खेळणं जवळपास अशक्य. मग ज्या साध्या खेळाडूचा मॅकेन्झी विचार करायचा, तो कुठे खेळणार?

तो खेळतो शार्प पार्कवर. हा मॅकेन्झीचा सार्वजनिक कोर्स, १९३२ साली सुरू झालेला, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचा, पण आहे शेजारच्या पसिफिकामध्ये, अगदी समुद्रकिनाऱ्याला. सुरुवातीच्याच वर्षांत वादळांनी किनाऱ्याकडच्या होलचं नुकसान केलं, मग बांध घातला, काही होल आत सरकवली. पुढे वेगळाच वाद आला. तिथल्या पाणथळीत लाल पायांचा बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप असे संरक्षित जीव आहेत. पर्यावरणवादी मंडळींचं म्हणणं, कोर्स बंद करून पाणथळ परत आणा. खेळणाऱ्यांचं म्हणणं, सामान्य माणसाला परवडणारा मॅकेन्झी जगात किती ठिकाणी आहे? प्रकरण कोर्टातही गेलं.

दोन्ही बाजूंत दम आहे. बेडकाला दुसरीकडे जायची सोय नाही, हे खरं. पण ज्याच्या नावावर ऑगस्टा इतकं मिरवतं, त्याचा ‘सगळ्यांसाठी’ हा विचार ज्या कोर्सवर सरळ दिसतो त्याच्याच अस्तित्वावर प्रश्नचिन्ह आहे, हेही खरं. तुलना फक्त देखण्या कोर्सची केली तर ही बाजू हातातून निसटते. म्हणूनच मी या दोन कोर्सना यादीत घेतलं.

बे एरियात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, हा भाग तिथूनही ऐकला जातो. तुमच्यापैकी कोणाला गोल्फची थोडी आवड असेल, तर पासातिएम्पोवर बाहेरच्यांनाही खेळता येतं, फी मात्र जोरदार आहे. शार्प पार्क त्या मानाने खूप स्वस्त. दोन्ही बघा, एकाच महिन्यात जमलं तर उत्तमच. टीवर उभं राहिल्यावर काठी उचलायच्या आधी एक क्षण थांबा आणि स्वतःला विचारा, इथे मला नेमका काय प्रश्न पडलाय? दोन्हीकडे तोच पडला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या डॉक्टरशी तुमची ओळख झाली म्हणून समजा.

पुढच्या भागात हाच खेळ उलटा करूया: एकच जमीन, दोन आर्किटेक्ट. तोपर्यंत प्रश्न असतील तर पाठवा.